परवा शिकवतो

आमच्या घरात मावश्या दोन होत्या. एक आईची थोरली बहीण. ती उदगीरला असायची आणि उन्हाळ्यात लोणच्याच्या बरण्या घेऊन यायची. दुसरी जिन्याखाली उभी असायची, काळीभोर अंगाची, मरून टाकीची, दोन सायलेन्सरची येझदी मोटारसायकल. उदगीरच्या मावशीच्या यजमानांनी ती हौसेने घेतली होती, पण त्यांचं आणि तिचं जमलं नाही. दर उताराला ती आपल्याला घाबरवते अशी त्यांची तक्रार होती. शेवटी त्यांनी ती अण्णांच्या गळ्यात घातली. सुरुवातीला तिला सगळे 'मावशीकडची गाडी' म्हणत. मग त्यातलं 'कडची' गळलं, पुढे 'गाडी'ही गळली, आणि मला कळायला लागलं तेव्हा ती नुसती मावशी झालेली होती. त्यामुळे आमच्याकडची बोलणी परक्या माणसाला चमत्कारिक वाटत. मावशीच्या पोटात तेल नाही, मावशीला ऊन लागायलंय, मावशीला जरा ढकला. एकदा उदगीरची मावशी जेवायला बसलेली असताना दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, सहज बोलून गेला की मावशी हल्ली फार धूर सोडायलीय. त्यानंतर जेवण संपेपर्यंत ती कुणाशी बोलली नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. शेजारच्या तेलुगू घरांत 'अन्ना' म्हणजे थोरला भाऊ. त्यामुळे हैदराबादेत नारायणगुड्याच्या आमच्या गल्लीत जो कुणी नवा भाडेकरू येई त्याला बरेच दिवस वाटत राही की या मुलीचा भाऊ फारच वयस्कर दिसतो. अण्णा बियाण्यांच्या एका कंपनीत होते. गावोगाव फिरायचं, शेतकऱ्यांना भेटायचं, बांधावर बसून पिकाची गोष्ट करायची, हे त्यांचं काम, आणि ते सगळं मावशीच्या पाठीवरून. घराण्यात शेतीच होती, नोकरीने त्यांना शहरात आणलं आणि मावशीने रोज पुन्हा शेतात नेलं. ते संध्याकाळी परत यायचे तेव्हा चाकांना कधी लाल माती लागलेली असायची, कधी काळी. कुठे जाऊन आले हे आम्ही मातीवरून ओळखायचो.

सकाळी मावशी सुरू होणं हेच आमच्या घराचं घड्याळ होतं. आधी पेट्रोलचा कॉक उघडल्याची बारीक टिकटिक, मग दम खाऊन घेतलेली शांतता, आणि मग किक. या गाडीची एक खोड होती, ती पुढे लागणार आहे म्हणून इथेच सांगून ठेवते. तिचा किकचा दांडा आणि गियरचा दांडा एकच होता. डाव्या बाजूला. आत दाबून उभा केला की त्याची किक व्हायची, आणि गाडी सुरू झाल्यावर पुढे वळवून आडवा केला की तोच गियर. नवख्या माणसाची फजिती इथेच व्हायची. गाडी सुरू करून ऐटीत बसायचा आणि मग पायाने हवेत गियर चाचपडत राहायचा. दादाचे मित्र असे चाचपडताना मी जिन्याच्या पायरीवर बसून किती हसले असेन याला गणती नाही.

तिचा आवाज मात्र कुणाला सांगून कळणार नाही. आधी धब, धब, धब, विचार करत असल्यासारखा, आणि मग एकदम लय सापडायची. संध्याकाळी तो गल्लीच्या कोपऱ्यावर आला की आई तवा चढवायची. अण्णा गाडी आत घेऊन, हातपाय धुऊन पाटावर येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. शेजारी खट्टी दाळ, अंबाडीची भाजी आणि एक कच्चा कांदा. आईला आवाजावरून अण्णांचं चित्त कसं आहे तेही कळे. आज गप बसा, काहीतरी बिनसलंय, असं ती आम्हाला आधीच बजावायची, आणि ते बहुतेक वेळा खरं निघायचं.

आईचं आणि मावशीचं मात्र फारसं पटत नव्हतं. रविवारी सकाळी अण्णा मावशीला अंगणात घ्यायचे, पाणी, मग साबण, मग मऊ फडकं, मग टाकीला मेण. आई दारातून बघत म्हणायची की माझ्या पाठीला कधी बाम चोळला नाही या माणसाने. फडकी आईच्याच जुन्या साड्यांची असत, कारण नव्या कापडाने टाकीवर चरे पडतात असं अण्णांचं ठाम मत. एकदा तिच्या लग्नातल्या जांभळ्या साडीचा तुकडा मावशीच्या सीटवर वाळत पडलेला तिला दिसला. आता महाभारत होणार म्हणून मी आणि दादा आत पळालो. आईने तो तुकडा उचलला, धुतला, वाळवला, आणि चौकोनी घडी करून परत सीटवर ठेवला. पुसायचंच असेल तर निदान घडी घालून पुसा, एवढंच म्हणाली. तेव्हापासून तो जांभळा चौकोन मावशीच्या डिकीत कायमचा राहायला गेला.

रविवारी गाडी चमकवून झाली की अण्णा चौकातल्या इराण्याकडे जायचे. मीही बरोबर जायचे, लहानपणी टाकीवर बसून, पुढे मागच्या सीटवर. तिथे त्यांचे दोन दोस्त ठरलेल्या टेबलाशी असत. हमीदभाईंचं अफझलगंजला कापडाचं दुकान होतं आणि रेड्डी सर शाळेत गणित शिकवत. तिघांची जात एकच, मोटारसायकलवाल्यांची. फरक इतकाच की अण्णांची गाडी बाहेर फूटपाथला लागलेली असे आणि त्या दोघांच्या गाड्या केव्हाच विकल्या गेल्या होत्या. तरी बोलणं मुख्यतः त्या विकलेल्या गाड्यांचंच. हमीदभाई बशीत चहा ओतत सुरू करायचे, "परसों अपने पास वो हरी गाडी थी ना," आणि मग ती हरी गाडी बिदरचा घाट कशी चढली, एका लग्नात नवरदेवाला घेऊन कशी निघाली, हे सगळं आमच्या डोळ्यांसमोरून जायचं. रेड्डी सरांची कथा आणखी न्यारी. त्यांची बुलेट अंबरपेठच्या एका दूधवाल्याने घेतली होती. तिला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन टांगलेले बघून सर त्याच्याशी भांडले. भांडण मिटल्यावर त्याच्याचकडून दूध घेऊ लागले. घरासमोर दूध मिळत असताना हा माणूस रोज सकाळी बरणी घेऊन अंबरपेठपर्यंत चालत जायचा. दूध पातळ असे, हे ते स्वतःच कबूल करत.

हमीदभाईंची ती हरी गाडी जाऊन निदान एक तप झालं होतं. तरी ती 'परसों'ची होती. हैदराबादेत हे असंच आहे. इथल्या दख्खनीत परसों म्हणजे काल नव्हे आणि आज नव्हे असा कुठलाही दिवस. तो मागच्या आठवड्यातला असेल, नाहीतर निजामाच्या काळातला. आमच्या मराठीने दख्खनीला आपला जोर देणारा 'च' दिला आणि बदल्यात हा परवा घेतला, असं मला नेहमी वाटतं. आम्ही तर घेतलेल्या वस्तूवर व्याजही चढवलं. मराठीत परवा मागेही असतो आणि पुढेही, त्यामुळे आमच्याकडे पुढचा परवाही तसाच सैल झाला. नळ दुरुस्त करायचाय, परवा बघू. उदगीरला जायचंय, परवा जाऊ. त्यात फसवणूक नव्हती. नाही म्हणून कुणाचं मन मोडायचं नाही आणि हो म्हणून स्वतःला बांधायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो सगळ्यांना पाठ होता.

मला मोटारसायकल शिकायची होती. हे खूळ माझ्या डोक्यात कधी शिरलं ते आठवत नाही, टाकीवर बसायचे तेव्हाच शिरलं असावं. त्या दिवसांत मुली लुना चालवायच्या, फार तर बिनगियरची स्कूटर. मोटारसायकलवर पुढे बसलेली मुलगी मी आमच्या भागात पाहिली नव्हती. अण्णांनी मला कधीही नाही म्हटलं नाही. प्रत्येक वेळी म्हणाले, "परवा शिकवतो." मी शाळेत होते तेव्हा म्हणाले, इंटरला गेले तेव्हा म्हणाले, बी.एस्सी. झाले तेव्हाही म्हणाले. मी वाट बघत तयारीला लागले होते. दुपारी घर झोपलं की स्टँडवर उभ्या मावशीवर बसायचं, क्लच दाबायचा, दांडा किकवरून गियरवर, गियरवरून किकवर फिरवायचा. आई आतून ओरडायची की पोरी, ती घोडी नाही कुठे जायची. तिला माझं खूळ माहीत होतं, आणि तिने ते कधी दादाला सांगितलं नाही याबद्दल मी तिची ऋणी आहे.

मग एका वर्षात बरंच काही बदललं. शहरात नवीन दुकानं निघाली, घराघरांत केबल आली, आणि रस्त्यावर त्या हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकली आल्या. चालू आहेत की नाही हे ऐकूच यायचं नाही. दादाला नव्याने निघालेल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि त्याने तसली एक घेतली. लाल होती. मावशीला थोडं भिंतीकडे सरकावून ती जिन्याखाली उभी राहिली. अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि छान आहे म्हणाले, पाहुण्यांच्या मुलीला म्हणावं तसं. येझदीचा कारखाना आता फार दिवस चालत नाही असं लोक बोलू लागले होते, सुटे भाग मिळेनासे झाले होते. आणि त्यातच एका सकाळी मावशीची किक उलटी आली. तिची ती सवय होतीच, पण या वेळी अण्णांचा डावा गुडघा धरला तो सुटलाच नाही. डॉक्टरांनी गाडी चालवा म्हटलं, पण किक मारायची नाही म्हणून बजावलं. अण्णांची बदली कचेरीत झाली. बसने जाऊ लागले. मावशीवर चादर आली. पुढच्याच महिन्यात मी बी.एड.साठी नांदेडला जाणार होते, तिथे नोकरीही बघायची होती. अण्णांना मी अधूनमधून आठवण करून द्यायचे. त्यांचं उत्तर तेच होतं, फक्त आता ते म्हणताना ते माझ्याकडे बघत नसत. मी न शिकताच या घरातून जाणार, आणि ही चादरीखाली कुणाच्याही नकळत गंजून जाणार, हे मला दिसत होतं. त्याचा मला राग यायचा, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

अशात दादा एका संध्याकाळी आपटे नावाच्या मुलाला घेऊन आला. पुण्याचा. कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी नुकताच हैदराबादला आलेला. त्याच्या वडिलांची अशीच येझदी होती, तो लहान असताना विकली गेली, आणि तेव्हापासून तो तशीच गाडी शोधत होता. अण्णा आधी तुटकच बोलले. पण चादर काढल्यावर तो मुलगा खाली उकिडवा बसला आणि कुणी न सांगता त्याने दांडा आत दाबून गियरची किक केली, परत किकचा गियर केला. अण्णा तिथेच पाघळले. दोघे अंधार पडेपर्यंत जिन्याखाली बसून होते. कोणत्या उताराला ती कशी कुरकुरते, पेट्रोलमधे तेल किती घालावं, थंडीत तिची मनधरणी कशी करावी. निघताना आपट्याने विचारलं की मग काका, काय ठरवताय. अण्णा फार खुशीत होते. त्यांना त्याला नाही म्हणवेना. "बघू की. परवा या," ते म्हणाले.

आईने आत विचारलं की दिली का हो. अण्णा म्हणाले, छे, परवा म्हटलंय त्याला. आम्ही सगळे निर्धास्त झालो आणि जेवायला बसलो.

परवा म्हणजे परवाच, सकाळी, आपटे दारात हजर. हातात हेल्मेट, झेंडूचा हार, पेढ्यांचा पुडा. मित्राने त्याला स्कूटरवरून आणून सोडलं होतं आणि मित्र निघूनही गेला होता, कारण परत तो मावशीवरून जाणार होता. अण्णा तेव्हा दाढी करत होते. एका गालाला साबण तसाच ठेवून ते स्वयंपाकघरात आले. माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत राहिले.

"मी तर परवा म्हटलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"आजच आहे की हो परवा," आई म्हणाली.

यावर खरं तर हसायला हवं होतं, आज आम्ही हसतोही. त्या वेळी कुणी हसलं नाही. आईने सुचवलं की त्याला सरळ सांगा, आमच्याकडे परवा म्हणजे तसं नसतं, पुण्याचा आहे, समजून घेईल. अण्णा स्टुलावर बसले. "तो बापाची गाडी शोधत आलाय. हार आणलाय. त्याला काय सांगू, आमच्यात परवा कधी येतच नाही म्हणून?"

मी पोळपाटाशी उभी होते. माझ्या तोंडून ते कसं निघालं कोण जाणे. आवाजही चढला नव्हता.

"त्यांचा परवा आज उजाडला असेल, अण्णा, तर माझाही आजच उजाडला."

अण्णांनी मान वर केली. आई चिमटा हातात धरून उभी. मग अण्णांनी टॉवेलने गालावरचा साबण पुसला, दाढी अर्धीच राहिली होती.

"चप्पल नको. दादाचे बूट घाल," ते म्हणाले.

आपट्याला त्यांनी सांगितलं की गाडी जरा फिरवून आणतो, तोवर तुम्ही नाश्ता करा. बिचारा हार मांडीवर घेऊन बसला. मावशीला गल्लीत काढलं. किक तू मार, अण्णा म्हणाले, माझा गुडघा आता त्या कामाचा नाही. गल्लीतल्या बायका दारांत आल्या होत्या. मी दांडा उभा केला, सगळं वजन टाकलं, आणि मावशीने मला अशी उलट मारली की पायातला बूटच उडाला. कुणीतरी तेलुगूत हळहळलं. अण्णांनी बूट उचलून आणून दिला, आणि म्हणाले, तिच्याशी भांडू नको, तिचा दम कुठे अडतो ते पायाला कळू दे आणि मगच मार. मी पाय ठेवला, हलकेच दाबत नेला, एका जागी ती अडली. तिथून मारली. धब, धब, धब. इतक्या वर्षांत तो आवाज मी हजारदा ऐकला असेन, पण माझ्या पायातून निघालेला तो पहिलाच.

अंबरपेठच्या मैदानापर्यंत अण्णांनीच चालवली. मी मागे. ही त्यांची तिच्यावरची शेवटची फेरी आहे हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघंही दुसऱ्याच गोष्टी बोलत होतो. नांदेडला मेसचं जेवण कसं असेल वगैरे. मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांना एका कडेला व्हायला सांगितलं. आणि मग शिकायला म्हणून काही राहिलंच नव्हतं. स्टँडवरच्या त्या सगळ्या दुपारी माझ्या हातापायांत साठून होत्या. पहिल्यांदा गाडी बंद पडली, दुसऱ्यांदा गचका देऊन निघाली, आणि तिसऱ्यांदा ती निघाली ती निघालीच. अण्णा दुखऱ्या गुडघ्याने मैदानाच्या मधोमध उभे, मी त्यांच्याभोवती गोल फिरतेय, आणि मी जिथे असेन तिकडे तोंड करून तेही जागच्या जागी फिरतायत. थांब म्हणाले नाहीत. मलाही थांबायचं नव्हतं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं, पण त्या दिवशी वारा नव्हता. मी रडत होते आणि आनंदात होते.

"घरी तू ने," अण्णा म्हणाले आणि मागे बसले. मावशीच्या मागच्या सीटवर ते आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. आधी स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले, वळणावर हळूच माझ्या खांद्यावर आणले आणि मग तिथेच राहू दिले. बाजाराच्या रस्त्याला आमच्या पुढे रेड्डी सर घरी चालले होते, दुधाची बरणी घेऊन. आधी त्यांनी आवाज ओळखला, मग गाडी, मग मला. रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी बरणी उंच धरली. त्यांचं ते पातळ दूध त्यांच्याच मनगटावर सांडलं.

आम्ही दारात उतरलो तेव्हा आपटे उभाच होता, अवघडलेला. आईने त्याला खिचडी, खट्टा आणि पापड खाऊ घातले होते. खिचडी म्हटल्यावर तो साबुदाण्याची वाट बघत होता, समोर पिवळीधमक मसुरीची आली, तिच्यावर चिंच-तिळाचा खट्टा, आणि गडी ताटात पुन्हा पुन्हा वाढून घेत होता असं आईने नंतर सांगितलं. पण तेवढ्यात तिने त्याला परवाचा सगळा खुलासाही करून टाकला होता. आईच्या पोटात काही राहत नसे. तो म्हणाला, "काका, माझा गैरसमज झाला. मला इथलं बोलणं अजून कळत नाही. तुम्हाला द्यायची नसेल तर मी जातो, खरंच."

आता सगळं मोकळं झालं होतं. अण्णांचा शब्द त्यानेच परत केला होता. गाडी राहणार होती. माझ्या मनात एकदम किती काय आलं. मी सुट्टीला येईन, अंगणात काढीन, हमीदभाईंना फेरी मारून आणीन. अण्णा माझ्याकडे वळले.

"आज ती तुझ्या पायाने सुरू झालीय. तू सांग."

मी मावशीकडे पाहिलं. इंजिन अजून गरम होतं, टिक टिक करत निवत होतं. चादरीखाली तिने असा आवाज कधी केला नव्हता. दादाला ती नको होती, अण्णांचा गुडघा गेला होता, मी नांदेडला निघाले होते. तिला रोज किक मारणारं माणूस पाहिजे होतं, आणि ते हार घेऊन समोर उभं होतं.

"द्या, अण्णा," मी म्हणाले. "परवापर्यंत थांबली तर गंजेल."

अण्णांनी किल्ली दिली. पैशाचं जे काही होतं ते दादाने आधीच बोलून ठेवलेलं होतं, त्याकडे अण्णांनी लक्षही दिलं नाही. आपट्याने हार घातला, पेढे वाटले. तो निघणार एवढ्यात आई पुढे झाली. डिकी उघडून तिने जांभळ्या साडीचा तो चौकोन बाहेर काढला, झटकला, पुन्हा घडी केली आणि त्याच्या हातात दिला. "यानेच पुसा. दुसऱ्या कापडाने हिला चरे पडतात," ती म्हणाली. आपट्याने तो दोन्ही हातांनी घेतला. मग एका किकमधे गाडी सुरू करून तो गेला. आम्ही सगळे गल्लीत उभे होतो. आवाज लांब लांब जात कोपऱ्यावर पोचला, तशी आई आत गेली आणि तिने सवयीने तवा चढवला.

वाचणाऱ्याने उगाच डोळे बारीक करू नयेत. त्या आपट्याशी पुढे माझं लग्नबिग्न काही झालं नाही. तो परदेशी गेला असं दादाकडून कळलं, जाताना मावशी कुणाला दिली ते माहीत नाही. मी नांदेडहून परत हैदराबादलाच शिकवायला आले, स्वतःची मोटारसायकल घेतली, शाळेत मुली मला बघायला फाटकाशी थांबायच्या, ती कथा वेगळी. ती गाडी विकली तेव्हाही मला फार वाईट वाटलं होतं. पण तिला नाव नव्हतं.

मी नांदेडला जाण्याआधीच्या रविवारी अण्णांबरोबर इराण्याकडे गेले. चालत. टेबलाशी तेच दोघे होते. रेड्डी सरांनी माझ्या फेरीची बातमी केव्हाच पोचवलेली होती, हमीदभाईंनी माझ्यासाठी उस्मानिया बिस्किटं मागवली. मावशीचं कुणी काढलं नाही. फूटपाथकडे बघायचंही तिघे टाळत होते. चहा आला. अण्णांनी बशीत ओतला, फुंकर घातली, आणि इतकी वर्षं नुसतं ऐकत आलेला तो माणूस म्हणाला, "परसों अपने पास एक येझदी थी." हमीदभाईंनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाले, सुनाओ.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझी पन्नाशी मागे पडली, गुडघे अण्णांच्या वळणावर गेलेत, आणि मी बटण दाबून सुरू होणाऱ्या स्कूटरवर फिरते. माझ्या मुलाला मराठी बोलता येतं पण वाचताना तो अडखळतो, तेव्हा हे प्रकरण मीच त्याला वाचून दाखवीन. त्याने विचारलं की आई, हे सगळं कधीचं, तर काय सांगायचं ते मला ठाऊक आहे.

आमच्या बिल्डिंगमधे खालच्या मजल्यावर एक पोरगा राहतो. जुन्या धाटणीच्या मोटारसायकली आता नव्याने निघाल्यात, त्यातली एक त्याने घेतली. पार्किंगमधे उभी होती. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या डाव्या बाजूला वाकून दांडा शोधू लागले. किकचा दांडा नव्हताच तिला. तरी बसू का जरा, असं मी त्याला विचारलं. तो बसा म्हणाला, पण मी किल्लीकडे हात नेला तसा घाबरला.

"आंटी, आप को गियर की गाडी आती?"

"हौ बेटा," मी म्हणाले. "परसोंच सीखी."